डिझेल ट्रक ओढत नाही, बूस्ट कमी दाखवतो: टर्बो उतरवण्याआधी काय काय तपासायचं

भरलेली गाडी चढाला लागली की एरवीपेक्षा दोन गिअर खाली यावं लागतं. अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी आरपीएम वर येत नाही आणि बूस्टचा, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाचा, काटा अर्ध्यावरच अडकतो. अशी तक्रार आली की पहिला संशय टर्बोवर जातो. टर्बो उतरतो, दुसरा बसतो आणि बऱ्याचदा गाडी होती तशीच राहते. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: या तपासणीत टर्बोचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

कारण साधं आहे. बूस्ट इंजिनाला आयता मिळत नाही, तो इंजिन स्वतः कमावतं. डिझेल जळतं, त्याचा गरम वायू टर्बाइन फिरवतो, त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो आणि जादा हवा मिळाली की जादा डिझेल जळू शकतं. हे चक्र आहे. त्यात कुठेही ढिलाई आली की काटा खालीच राहतो. फिल्टर चोंदला तरी बूस्ट कमी, डिझेल कमी पोचलं तरी बूस्ट कमी, सायलेन्सर अडला तरी बूस्ट कमी. कमी बूस्ट हा साक्षीदार आहे. आपल्याला शोधायचं आहे ते हे की इंजिनाला नेमकं काय कमी पडतंय: हवा, डिझेल, धूर बाहेर जायची वाट, की ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) परवानगी. या चारांपैकी कोण, हे ठरेपर्यंत पाना हातात घेऊ नका.

दोष इंजिनाचाच आहे ना?

इंजिन उत्तम आहे आणि गाडी अडतेय दुसऱ्याच कशाने, असं पुष्कळदा निघतं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक फारसा न लावता गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ते चाक धरतंय. ब्रेक अ‍ॅडजस्टमेंट किंवा चेंबर आधी बघा. ड्रमला हात लावून अंदाज घेऊ नका, चामडी निघेल.

क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतो पण स्पीड चढत नाही. ओढ नसलेल्या इंजिनाचं उलट असतं, तिथे आरपीएमच चढत नाही. हा फरक ड्रायव्हरला नीट विचारला तर तो लगेच सांगतो. रेडिएटरच्या फॅनचा व्हिस्कस क्लच जाम होऊन फॅन सतत पूर्ण वेगाने फिरत असेल तर तो इंजिनाची बरीच ताकद खातो. थंड इंजिनावरसुद्धा फॅनचा घोंघाट सतत येत असेल तर तिकडे बघा.

आणि उंची. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो, २००० मीटरवर तो ८० च्या आसपास येतो. तिथे गाडी थोडी मंद वाटली तर तो दोष मानू नका.

धूर काय सांगतो

धूर ही फुकटची चाचणी आहे आणि जुन्या, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेल्या गाड्यांवर ती अजूनही उत्तम चालते. गाडी लोडवर असताना धूर बघायचा. उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये रेस देऊन निघालेल्या धुरावरून निष्कर्ष काढू नका.

ओढ नाही आणि धूर काळा, म्हणजे डिझेल पोचतंय पण त्याला पुरेशी हवा नाही. फिल्टर, होज, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), उघडा अडकलेला ईजीआर (जळलेला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बो ही बाजू तपासा. खराब नोझलही काळा धूर देतात, हे मनात ठेवा.

ओढ नाही आणि धूरही नाही, म्हणजे बहुधा डिझेलच कमी पडतंय किंवा ईसीयू ते मुद्दाम कमी देतोय. या गाड्यांवर टर्बो बदलला जातो तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण उत्तर समोर असतं.

पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो: टायमिंग मागे पडलेलं, कॉम्प्रेशन कमी किंवा नोझल गळका. त्याला डिझेलचा झोंबणारा वास येतो. वास गोडसर असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर ती कूलंटची वाफ आहे. निळसर धूर ऑइलचा.

नव्या कॉमन रेल गाड्यांवर (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) मात्र धुरावर विसंबू नका. हवा कमी मोजली की ईसीयू स्वतःच डिझेल कापतो, त्यामुळे होज फाटलेला असूनही धूर दिसत नाही. डीपीएफ असेल तर उरलासुरला धूर तोच गिळतो. इथून पुढे आकड्यांशिवाय काम होत नाही.

मोजायचं कसं

सगळ्यात आधी एक गोंधळ दूर करू. डॅशवरचा किंवा टी मारून जोडलेला मेकॅनिकल गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, इंजिन बंद असताना शून्य. स्कॅनरवर दिसणारा मॅनिफोल्ड प्रेशर बहुतेक वेळा अ‍ॅब्सोल्यूट असतो, त्यात वातावरणाचा दाब धरलेला असतो. स्कॅनर २५० किलोपास्कल म्हणाला तर खरा बूस्ट सुमारे १.५ बार आहे, २.५ नव्हे. दोन माणसं दोन वेगळे आकडे धरून वाद घालतात तेव्हा मूळ बहुतेक इथेच असतं.

म्हणून पहिलं काम: चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरवर मॅनिफोल्ड प्रेशर आणि बॅरोमेट्रिक प्रेशर शेजारी शेजारी बघा. दोन्ही दोन-तीन किलोपास्कलच्या फरकाने सारखे हवेत. मॅनिफोल्डचा सेन्सर इथेच वेगळं बोलत असेल तर पुढचं सगळं मोजमाप खोटं ठरेल. सेन्सर काढून बघा. ईजीआरच्या काजळीने आणि ब्रीदरच्या (क्रँककेसची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) तेलकट वाफेने त्याचं तोंड लिंपून जातं. मग आकडा संथपणे चढतो आणि ईसीयू बूस्ट कमी आहे असं समजून डिझेल कापत बसतो. शंका असेल तर मॅनिफोल्डला मेकॅनिकल गेज लावून दोघांची साक्ष ताडून बघा.

मग रोड टेस्ट. बूस्ट लोडशिवाय तयार होत नाही. उभ्या गाडीत २००० आरपीएमपर्यंत रेस देऊन काटा हलला नाही म्हणून टर्बोला दोष देणं चूक आहे. गाडी भरलेली हवी, शक्यतो चढ हवा, आणि असा गिअर हवा की १२००-१३०० आरपीएमपासून फुल अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिनाला काही सेकंद मान मोडून ओढावं लागेल. स्कॅनर दुसऱ्या माणसाच्या हातात, चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर. डेटा रेकॉर्ड करून नंतर थांबून बघा.

रेकॉर्ड करायच्या गोष्टी: आरपीएम, अ‍ॅक्सिलरेटर पेडलची टक्केवारी, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं, इंटेक हवेचं तापमान, ईजीआरची स्थिती, आणि डीपीएफ असेल तर त्याच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक.

पेडल १०० टक्के दाखवतंय का ते पहिल्यांदा बघा. पायाखाली मॅट अडकलेली किंवा पेडल सेन्सर झिजलेला, त्यामुळे पूर्ण दाबूनही ८० टक्केच जातात, असं होतं. जुन्या मेकॅनिकल पंपावर हीच तपासणी डोळ्यांनी करा: एकाने पेडल तळाला दाबावं, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर स्टॉप स्क्रूला टेकतो का ते बघावं. केबल ताणून लांबली असेल तर तो टेकत नाही.

आता ग्राफ कसा वाचायचा ते बघा, कारण अर्धं निदान इथेच होतं. समजा १८०० आरपीएमला ईसीयू २५० किलोपास्कल मागतोय, मिळतायत १९०, आणि रेल प्रेशर मात्र मागितल्याच्या अगदी जवळ आहे. डिझेलची बाजू ठीक, हवेच्या बाजूला जा. समजा रेलला १५०० बार मागितले आणि ११०० मिळाले, बूस्टही कमी. इथे ग्राफवर बोट ठेवून बघा की आधी कोण पडलं. रेल प्रेशर आधी कोसळलं आणि बूस्ट त्यामागून खाली आला, तर टर्बोला हात लावायचं कारणच उरत नाही. तिसरा प्रकार फसवा असतो: मागितलेलं आणि मिळालेलं दोन्ही जुळतंय, पण मागणीच कमी आहे. म्हणजे ईसीयूने ताकद मुद्दाम कापली आहे. इंजिन तापलेलं, डीपीएफ भरलेला, युरियाची टाकी रिकामी किंवा युरिया खराब, एखादा सेन्सर बिघडलेला, अशा कारणांनी डिरेट (ही ताकदकपात) लागतो. तिथे होज तपासत बसणं व्यर्थ आहे.

फॉल्ट कोडबद्दल एवढंच. पी०२९९ म्हणजे अपेक्षेपेक्षा बूस्ट कमी, पी०२३४ म्हणजे जास्त, पी००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी. जड ट्रकवर कोड एसपीएन क्रमांकांनी येतात: एसपीएन १०२ हा मॅनिफोल्ड प्रेशरचा आणि एसपीएन १५७ रेल प्रेशरचा. कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी०२९९ दिसला म्हणून टर्बो मागवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे. दोन कोड एकत्र असतील तर आधी डिझेलचा आणि सेन्सरचा कोड निस्तरा, बूस्टचा कोड त्यांच्या पाठोपाठ आपोआप जातो, असं पुष्कळदा घडतं.

हवेची वाट

सर्वाधिक दोष इथेच सापडतात, म्हणून इथे घाई करू नका.

एअर फिल्टर वरून स्वच्छ दिसतो म्हणून पास करू नका. फिल्टरच्या पुढे, टर्बोच्या आधी व्हॅक्यूम मोजा. फुल लोडवर साधारण ६ किलोपास्कल, म्हणजे २५ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा खेच झाला की बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांवर फिल्टर बदलायचा असतो. रेस्ट्रिक्शन इंडिकेटरची लाल पट्टी याच खेचीवर वर येते, पण तो इंडिकेटर स्वतः धुळीने जाम झालेला असू शकतो. कॉम्प्रेसरची हवा मारून पुन्हा पुन्हा झटकलेला फिल्टर मला आवडत नाही. कागदाला बारीक भोकं पडतात आणि त्यातून गेलेली धूळ कॉम्प्रेसर व्हीलच्या पाकळ्या घासून काढते. फिल्टरच्या आधीचा स्नॉर्केलही (हवा आत घेणारी नळी) बघा, त्यात चिंधी, पालापाचोळा किंवा उंदराचं घर निघू शकतं.

फिल्टर ते टर्बो हा होज खेचीखाली असतो. जुन्या रबराचं आतलं अस्तर सुटलं तर बंद गाडीत तो ठणठणीत दिसतो आणि लोडवर आतून पडदा पडल्यासारखा मिटतो. होज काढून आत बोट फिरवा, अस्तर हलतं का बघा.

टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड ही दाबाची बाजू आहे. इथली गळती शोधायला नजर तयार लागते. ब्रीदरची तेलकट वाफ हवेबरोबर फिरत असते. जिथून हवा निसटते तिथे ती वाफ बाहेर फवारली जाते आणि त्यावर धूळ बसते. क्लॅम्पच्या कडेला किंवा होजच्या पोटाखाली पंख्यासारखा पसरलेला काळा, चिकट डाग दिसला की तो पुसून काढा आणि तिथलं रबर दोन्ही हातांनी वाकवा. एल्बोच्या आतल्या वळणाला, जिथे होज इंजिनाच्या हालचालीने सारखा दुमडतो, तिथे बोटाच्या पेराएवढी चीर उघडते. हात काढला की ती मिटते आणि होज पुन्हा नवा वाटतो. अशी चीर थंड गाडीत नुसत्या टॉर्चने कधीच दिसणार नाही. दीड बार दाब आला की ती तोंड उघडते आणि ड्रायव्हरला टर्बोच्या शिट्टीबरोबर फुस्सकन आवाज ऐकू येतो.

नजरेने नाही सापडलं तर लीक टेस्ट. इंजिन बंद आणि थंड. टर्बोच्या इनलेटला बुच बसवा, त्याला रेग्युलेटर आणि गेज असलेली हवेची लाइन जोडा आणि दाब हळूहळू १ बारपर्यंत न्या. ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा, कारण थोडी हवा रिंगांवरून आणि टर्बोच्या सीलवरून क्रँककेसमध्ये जाते, तिथे दाब साठू देऊ नका. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतात, म्हणून सायलेन्सरमधून किंवा ऑइलच्या तोंडातून हलकी सुसू येणारच, ती गळती समजू नका. प्रत्येक जोड, वेल्डिंग, इंटरकूलरची टाकी, मॅनिफोल्डचं पॅकिंग, सेन्सरची सीट यांवर साबणाचं पाणी फवारा आणि बुडबुडे बघा.

इंटरकूलर एकट्याने तपासायचा असेल तर दोन्ही तोंडं बंद करून त्यात सुमारे २ बार हवा भरा, लाइन बंद करा आणि १५ सेकंद गेज बघा. मोठ्या ट्रक इंजिनांवर तेवढ्या वेळात सुमारे अर्ध्या बारपेक्षा जास्त उतरला तर इंटरकूलर बाद धरतात. नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. बुचाला साखळी किंवा पट्टा बांधल्याशिवाय ही चाचणी करू नका आणि बुचाच्या समोर उभे राहू नका. २ बारचा बुच सुटला तर तो माणूस जखमी करतो.

गळती नसतानाही इंटरकूलर त्रास देतो. त्याच्या पाकळ्यांमध्ये बाहेरून चिखल आणि किडे बसले की हवा थंड होत नाही. ३० अंशांच्या दिवशी १.५ बार बूस्टला कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा १३० ते १५० अंशांपर्यंत तापलेली असते. गरम हवा विरळ असते, म्हणून गेजवर बूस्ट ठीक दिसतो आणि गाडी तरी ओढत नाही. चालत्या गाडीत, लोडवर, मॅनिफोल्डमधलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा ४०-५० अंशांनी वर जात असेल तर इंटरकूलर धुवायला घ्या. आतून तेल साचलं असेल तर तेही धुऊन काढा. साचलेलं तेल एकदम इंजिनात ओढलं गेलं तर ते डिझेलसारखं जळतं, आणि चावी बंद करूनही इंजिन पळत सुटतं.

गळती किरकोळ आहे म्हणून चालवत राहायचं, हे मला मान्य नाही. गेलेला दाब भरून काढायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. ट्रकचा टर्बो तसाही मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे मारतो. एका साध्या क्लॅम्पच्या आळसापायी चांगला टर्बो मारला जातो.

धुराची वाट

सिलिंडर ते टर्बाइन या टप्प्यात गळती झाली तर टर्बाइनला मिळायचा जोर बाहेर जातो. मॅनिफोल्डच्या पॅकिंगजवळ किंवा तडा गेलेल्या जागी काळ्या काजळीचे ओरखडे दिसतात आणि लोडवर टिक-टिक आवाज येतो. इंजिन तापलं की तडा मिटतो आणि आवाज जातो, म्हणून थंड स्टार्टला कान द्या.

टर्बोच्या पुढे अडथळा असेल तरी टर्बाइन फिरत नाही, कारण त्याला दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर फिरायचं असतं. ट्रकवर इथला नेहमीचा दोषी म्हणजे एक्झॉस्ट ब्रेकची फ्लॅप. ती हलवणाऱ्या सिलिंडरचा रॉड गंजून ती अर्धवट बंद राहते आणि गाडी ब्रेक लावून चालल्यासारखी चालते. लिव्हर हाताने हलवून फ्लॅप पूर्ण उघडते का ते बघायला दोन मिनिटं पुरतात. हे मी फिल्टरच्या बरोबरीनेच तपासतो.

ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला तर दुहेरी नुकसान. टर्बाइनकडे जाणारा वायू मधूनच परत फिरतो आणि ताज्या हवेची जागा जळलेली हवा घेते. फुल लोडवर ईजीआर जवळजवळ बंद दिसायला हवा.

डीपीएफचा दाबफरक स्कॅनरवर बघा. इंजिन बंद असताना तो शून्याजवळ नसेल तर सेन्सर किंवा त्याच्या दोन नळ्या आधी तपासा. डीपीएफ खरंच भरला असेल तर रीजनरेशन करा (साचलेली काजळी जाळून काढा), पण तो का भरला हेही शोधा: गळके नोझल, हवेची गळती, ऑइल खाणारं इंजिन. डीपीएफ पोकळ करून किंवा ईजीआरला पत्रा मारून गाडी पळवणं पुष्कळ देशांत बेकायदा आहे, आणि मूळ दोष त्याने फक्त झाकला जातो.

डिझेलची बाजू

आधी सावधगिरी. कॉमन रेल इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट कधीही ढिला करू नका. हजारभर बारची धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि आतून हात सडतो. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल. जुन्या मेकॅनिकल पंपावर नट ढिला करून सिलिंडर तपासायची सवय असलेल्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

तपासणी टाकीपासून सुरू करा. टाकीचा व्हेंट बंद असेल तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि तासाभराने ओढ जाते. झाकण उघडताना आत हवा शोषल्याचा आवाज येतो आणि मग गाडी काही काळ छान चालते. ड्रायव्हरने असं सांगितलं तर व्हेंट साफ करून मोकळे व्हा. पिकअपच्या जाळीत चिखल किंवा शेवाळासारखा गाळ बसतो, तोही असाच लोडवर गळा आवळतो.

मग वॉटर सेपरेटर आणि फिल्टर. फिल्टर किती चालला यापेक्षा त्याच्या अलीकडे-पलीकडे दाब किती पडतो हे मोजा. सक्शन लाइन हवा घेते का हे बघायला फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. थोडे बुडबुडे स्टार्टिंगनंतर निघून जातात. लोडवर सतत साखळी दिसत असेल तर वॉशर, बँजो बोल्ट, फिल्टरची सील, हॅंड प्रायमर हे एकेक तपासा. सक्शनच्या गळतीत डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते, म्हणून जागा कोरडी दिसते.

लो प्रेशर ठीक असूनही रेल प्रेशर पडत असेल तर हाय प्रेशर पंप, मीटरिंग व्हॉल्व्ह, रेलचा लिमिटर आणि इंजेक्टर राहतात. जिथे प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळी आहे तिथे बाटल्या लावून रिटर्न मोजा. एक बाटली इतरांपेक्षा झपाट्याने भरली की गळका इंजेक्टर सापडला. अनेक जड इंजिनांत रिटर्न हेडच्या आतून एकत्र जातो, तिथे एकूण रिटर्न मोजून मॅन्युअलशी ताडून बघावं लागतं. पंप बदलायच्या आधी ही चाचणी झालीच पाहिजे.

मेकॅनिकल पंपवाल्या टर्बो इंजिनांचा एक खास दोष आहे. गव्हर्नरवर एक बूस्ट कॉम्पेन्सेटर असतो. मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी त्याला बूस्ट पोचवते, आत डायफ्राम दाबला जातो आणि पंप जादा डिझेल देतो. ही नळी फुटली, चोंदली किंवा डायफ्राम फाटला तर पंपाला वाटतं बूस्ट आलाच नाही. धूर नाही, आवाज नाही, नुसती ओढ नाही. नळी काढून हॅंड पंपाने अर्धा-पाऊण बार दाब द्या, तो टिकला पाहिजे. याऐवजी फुल लोड स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं तर गाडी दोन दिवस बरी वाटेल. मग काळा धूर, एक्झॉस्टचं तापमान वाढलेलं आणि शेवटी वितळलेला पिस्टन. त्या स्क्रूचं सील टेस्ट बेंचवर बसवलेलं असतं, ते बेंचवरच तुटायला हवं.

वेस्टगेट आणि व्हीजीटी

साध्या वेस्टगेटमध्ये (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेत) बूस्टचा दाब डब्यातला डायफ्राम ढकलतो आणि फ्लॅप उघडते. फ्लॅप उघडी अडकली किंवा तिची सीट जळाली तर बूस्ट कमी. पण डब्याकडे जाणारी नळी तुटली तर उलट होतं: फ्लॅप उघडतच नाही, बूस्ट मर्यादेपलीकडे जातो आणि ईसीयू दचकून डिझेल कापतो. ड्रायव्हरला हेही ओढ गेल्यासारखंच वाटतं, फक्त झटक्याने. हॅंड पंपाने डब्याला दाब द्या, रॉड मॅन्युअलमधल्या दाबाला हलायला सुरुवात झाली पाहिजे आणि दाब गळता कामा नये. रॉडची लांबी आवळून बूस्ट वाढवण्याचा मोह टाळा.

व्हीजीटीत (बदलत्या पाकळ्यांच्या टर्बोत) टर्बाइनभोवतीच्या पाकळ्यांची फट बदलते. पाकळ्या उघड्या अडकल्या तर खालच्या आरपीएमला गाडी मेलेली आणि वरच्या आरपीएमला बऱ्यापैकी. बंद अडकल्या तर खाली जोरात आणि वर गेल्यावर गळा दाबल्यासारखी. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची नळी गळली की बहुतेक गाड्यांत पाकळ्या उघड्या राहतात, म्हणून टर्बोला हात लावण्याआधी व्हॅक्यूम पंप, नळ्या आणि सोलेनॉइड तपासा. इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्च्युएटर असेल तर स्कॅनरने त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि तो कुठे अडखळतो ते बघा. अ‍ॅक्च्युएटर बदलला की कॅलिब्रेशन करावंच लागतं.

आता टर्बो

इथपर्यंत काही सापडलं नाही तर इनलेट होज काढा. इंजिन बंद, थंड. कॉम्प्रेसर व्हीलच्या पाकळ्यांची टोकं बघा: धुळीने खाल्लेली, वाकलेली, की हाउसिंगला घासलेली. व्हील हाताने फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे. शाफ्टला वर-खाली थोडा प्ले असतोच, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं. व्हील बाजूला दाबून फिरवलं तर मात्र हाउसिंगला लागता कामा नये. पुढे-मागे प्ले हाताला जेमतेम कळेल इतपतच असावा. नेमकं मोजायला डायल गेज लावा.

कॉम्प्रेसर बाजूला ऑइल दिसलं म्हणून टर्बो बाद करू नका. ब्रीदरचं तेल, टर्बोच्या रिटर्न पाइपमधला अडथळा किंवा क्रँककेसमधला वाढलेला दाब यांनीही ऑइल बाहेर येतं, आणि ती कारणं तशीच ठेवली तर नवा टर्बोही तसाच ओकेल.

टर्बो खरंच गेला असेल तर तो कशाने गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नका. ऑइल फीडची नळी आतून जळालेल्या ऑइलने बारीक झाली असेल तर नळीही बदला. पाकळीचा तुकडा मोडला असेल तर तो इंटरकूलरमध्ये शोधा. नव्या टर्बोत हाताने ऑइल भरा, इंजिन डिझेल न देता फिरवून ऑइल प्रेशर येऊ द्या आणि पहिली काही मिनिटं फक्त आयडलवर चालवा.

टर्बो, हवा आणि डिझेल सगळं निर्दोष निघालं तर इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं: टॅपेट क्लिअरन्स, कॅमची झीज, टायमिंग, कॉम्प्रेशन. स्कॅनरच्या सिलिंडर कट-आउट चाचणीत कोणता सिलिंडर बंद केल्यावर इंजिनाला फरकच पडत नाही ते बघा, तो काम करत नव्हता. ऑइलचं झाकण उघडल्यावर धुराचा लोट जोरात येत असेल तर रिंगा आणि लाइनरचा हिशेब करा.

दुरुस्ती झाल्यावर तोच चढ, तोच लोड, तोच गिअर घेऊन रोड टेस्ट पुन्हा करा आणि मागितलेला व मिळालेला बूस्ट, रेल प्रेशर आणि मॅनिफोल्डचं तापमान गाडीच्या फाइलमध्ये तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. मॅन्युअलमध्ये इंजिनाचे आकडे असतात, या गाडीचे नसतात. पुढच्या वेळी ओढ कमी झाल्याची तक्रार आली तर तुलना या नोंदीशी करा.